उघडा माइक

बाबा चष्मा घरीच विसरून कामावर गेले, म्हणून तिला त्या सकाळी वाट वाकडी करावी लागली. ती काम करायची ते ग्रंथालय उघडायला अजून अवकाश होता. चष्मा पर्समध्ये टाकून ती बांधकामाच्या फाटकातून आत शिरली आणि धुळीने डोळे बारीक करून उभी राहिली. एकीकडे ड्रिल, एकीकडे मिक्सर, मध्येच कुठेतरी पत्र्यावर हातोडा. इतक्या गोंगाटात माणूस शोधायचा कसा?

क्रेनच्या शिडीवरून एक उंचाडा तरुण उतरत होता. शेवटची पायरी त्याने सोडूनच दिली आणि थेट तिच्यापुढे उडी टाकली.

"जरा ऐकता का," ती म्हणाली, "क्रेनखाली काम करतात ते माझे बाबा…"

त्याने कानाला हात लावून मान हलवली. तिने पुन्हा तेच, तेवढ्याच आवाजात सांगितलं.

"मोठ्याने बोला हो. हे काही ग्रंथालय नाही."

ती चपापली. "तुम्हाला कसं कळलं?"

"काय? की हे ग्रंथालय नाही?" तो हसला. हातमोजे काढता काढता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही म्हणजे गप्प बसण्याचा पगार घेणाऱ्या, होय ना? काकांची मुलगी. काल पुस्तक वाचता वाचता दूध उतू जाऊ दिलंत."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात बाबा सळ्यांच्या ढिगामागून आले. हेल्मेटखाली तो जुना हेडसेट होता. जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेला, आणि माइकच्या तोंडावर स्पंजऐवजी मोज्याचा कापलेला अंगठा.

"बाबा, तुम्ही ह्यांना घरातलं सगळं सांगता?"

"अगं, माइक दिवसभर उघडाच असतो. काम नसतं तेव्हा काय वाऱ्याशी बोलू?" बाबांनी चष्मा घेऊन सदऱ्याला पुसला. "हा क्रेनवर, म्हणून वरचा. मी खालचा. तू मधली. झाली ओळख."

"आणि मला ह्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही," ती हळूच म्हणाली.

"वर असणाऱ्यांबद्दल कोणालाच काही माहीत नसतं," वरचा म्हणाला.

तिला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी कोणी तिला इतक्या सहज हसवलं होतं. ते लपवायला तिने पर्समधून छापील पान काढलं. धुळीत, पाण्यात टिकणाऱ्या बिनतारी हेडसेटची माहिती तिने मुद्दाम शोधून आणली होती. बाबांचा एक कान दगा देऊ लागला होता आणि त्या चिकटपट्टीवाल्या सेटची बॅटरी दुपारीच मान टाकायची.

बाबांनी पान लांब धरून वाचलं. "कागदावर सगळेच हेडसेट शूर असतात. दुकानात जाऊ, हातात घेऊन बघू. वारा सुटला आणि क्रेन बंद राहिली की तिघं जाऊ. काय रे वरच्या?"

"तिघं जाऊ," तो म्हणाला. बोलला बाबांशी, पण बघत होता तिच्याकडे.

तो शेवटचा साधा दिवस होता. संध्याकाळी बाबांनी तिला विचारलं, "कसा वाटला वरचा?" ती म्हणाली, "उंच आहे." बाबा त्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

क्रेनवर बसलेल्याला खालचं सगळं दिसत नाही. भारा भिंतीपलीकडे गेला की तो आंधळा. मग खालचा त्याचे डोळे होतो आणि माइकवर बोलत राहतो. चालू… चालू… हळू… चालू… एका शब्दाला लागून दुसरा शब्द. बोलणं तुटलं की वरच्याने हात आवरायचा. का, कशाला, हे नंतर. आधी थांबायचं. त्या दोघांचा सगळा विश्वास एवढ्या एका नियमावर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सळ्यांचा भारा भिंतीमागे उतरत असताना बाबांचा "चालू" अर्ध्यावर राहिला. वरच्याने भारा होता तिथे थांबवला. भारा हवेत लटकत राहिला, त्याखाली कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबा मात्र भाऱ्याला बांधलेला दोर हातात धरून जमिनीवर बसले होते, आणि लोक धावत येईपर्यंत गेलेही होते. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

तिला ग्रंथालयात फोन आला. तिने सवयीने हलक्या आवाजात "बरं" म्हटलं, समोरच्या बाईंच्या पुस्तकावर शिक्का मारला, पुस्तक त्यांच्या हातात दिलं, आणि मग ती खाली बसली.

घर माणसांनी भरलं. वरचा शेजारून खुर्च्या आणत होता आणि ती हाताने दाखवत सांगत होती, इकडे, अजून इकडे. मध्येच तिची नजर खुंटीवरच्या बाबांच्या सदऱ्याकडे गेली आणि तिचं बोलणं थांबलं. तो खुर्ची हातात धरून खोलीच्या मध्ये तसाच उभा. लोक त्याला वळसा घालून जात होते. शेवटी आत्या म्हणाली, "अहो, ठेवा की ती. प्रदर्शन मांडलंय का?" तेव्हा कुठे त्याने ती टेकवली.

नंतर तो सुट्टीच्या दिवशी येऊ लागला. कधी गळका नळ बघायला, कधी नुसताच. ती समोर पुस्तक घेऊन बसायची. तिला बरं वाटायचं. बाकी सगळ्यांसमोर काहीतरी बोलावं लागे. सावरलीस का, जेवतेस का, पुढे काय. ह्याच्यासमोर गप्प राहता येत होतं, आणि गप्प राहूनसुद्धा एकटं वाटत नव्हतं. तो गेल्यावर त्याने ठेवलेला पेला ती लगेच उचलत नसे.

"त्या मुलाशी दोन शब्द बोलत जा," आत्या म्हणाली. "भिंतसुद्धा पोपडे पाडून उत्तर देते."

"त्याला चालतं," ती म्हणाली.

रडू तिला आलं नव्हतं. आणि बाबा गेले, हे दोन शब्द तिने कोणापुढेही उच्चारले नव्हते. बाबांना कोणाचा फोन आला तर ती सांगायची, "घरी नाहीत." रोज सकाळी दोघांचा चहा टाकायची, एक कप ओतून द्यायची. दिवस उजाडायचा, मावळायचा. त्यांचा आपल्याशी काही संबंध आहे असं तिला वाटेनासं झालं होतं. फक्त सुट्टीच्या दिवशी जिना वाजला की तिचा हात आपोआप केसांकडे जायचा.

मग वरच्याचं येणं कमी झालं. एकदा आला तो दारातच उभा राहिला. नंतर आलाच नाही.

*

सोसाट्याचा वारा सुटला त्या दिवशी दुपारी दार वाजलं. तोच होता, केस विस्कटलेले, अंगावर धूळ.

"क्रेन बंद आहे," तो म्हणाला. "हेडसेट घ्यायचाय. काका म्हणाले होते तिघं जाऊ. दोघं तरी जाऊ."

तिने चपला घातल्या.

वाटेत तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी सोडतोय इथलं. दूर एका बंदरावर काम मिळालंय. तिथे क्रेन बंद खोलीत बसून, पडद्यावर बघून चालवतात. कोणाचा आवाज लागत नाही."

ती चालत राहिली.

"पुढच्या आठवड्यात निघेन. इथे येणाऱ्या नव्या वरच्या-खालच्या जोडीला चांगला सेट घेऊन देतो. तेवढंच काकांचं राहिलेलं काम."

ती म्हणाली, "बरं."

दुकानदार गोल चेहऱ्याचा आणि आपल्या मालावर फार माया असणारा होता. त्याने पहिला सेट असा उचलला, जणू तान्हं बाळ.

"ह्यात गाणी काय सुंदर वाजतात."

"गाणी नकोत, माणूस ऐकू यायला हवा," वरचा म्हणाला. त्याने जाड हातमोजा चढवला आणि बटण दाबलं. एका बोटाखाली तीन बटणं दबली, आणि दुकानदाराच्या खिशातला फोन कोणाला तरी लागला.

दुसरा सेट दोन्ही कान झाकणारा. "बाहेरचं काही ऐकूच येत नाही," दुकानदार कौतुकाने म्हणाला.

"मग मागून ट्रक येतोय हे कोण सांगणार? तुम्ही येणार?"

तिसऱ्याला बोलताना बटण दाबून धरावं लागे. तो ते बघत असतानाच ती म्हणाली, "हा नको. बाबांचे दोन्ही हात दोराला असतात. बटण कोण दाबणार?"

त्याने सेट हळूच खाली ठेवला. आपण काय बोललो ते तिच्याही लक्षात आलं. दुकानदाराला काहीच माहीत नव्हतं. "बरोबर आहे," तो म्हणाला, "मग तुमच्या बाबांना हाच द्या," आणि त्याने चौथा पुढे केला. एकच कान झाकणारा, हेल्मेटला अडकणारा, बटणं मोठी, माइक सतत उघडा. बॅटरी कामाची पाळी संपेपर्यंत पुरते, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.

वरच्याने तो छातीच्या उंचीवरून खाली सोडला. दुकानदाराने डोळे मिटले. मग वरच्याने पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं, तेव्हा दुकानदाराने तोंडच फिरवलं. सेटचा दिवा मात्र शांतपणे लुकलुकत राहिला.

"आता आवाज," वरचा म्हणाला.

शेजारी दगड कापण्याचा कारखाना होता. करवत किंचाळत होती, वारा धुळीचे लोट उडवत होता. त्याने जोडीतला एक सेट तिच्या कानावर बसवला, दुसरा स्वतःच्या. माइक ओठांपाशी वळवताना त्याचं बोट तिच्या गालाजवळ आलं… आणि न लागताच मागे गेलं.

"तुम्ही इथे, करवतीपाशी उभ्या राहा. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जातो. बोलत राहा. तुमचं बोलणं चालू असेपर्यंत मी चालेन."

"काय बोलू?"

"काहीही. ग्रंथालयातलं सांगा."

तो पाठ फिरवून चालू लागला. ती खोक्यावरचं वाचू लागली. "धूळ आत जात नाही… पाण्याने बिघडत नाही… उन्हातान्हात, गोंगाटात…" करवत एवढी ओरडत होती की तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. पण कानात त्याचा श्वास स्वच्छ होता, तो खांद्याशीच उभा असल्यासारखा. इतक्या जवळ तो कधीच आला नव्हता, आणि पावलापावलाने लांब चालला होता. सायकलींची रांग ओलांडली. विजेचा खांब ओलांडला. पुढे वळण होतं.

आपणच त्याला पाठवतोय, हे तिला लख्ख कळलं. वाचता वाचता तिचे शब्द संपले.

तो थांबला. भर रस्त्यात, पाठमोरा. लोक त्याला चुकवून जात होते, एका हातगाडीवाल्याने काहीतरी सुनावलं, तरी तो हलला नाही.

"ऐकू येत नाहीये," तो कानात म्हणाला, "की बोलत नाही आहात?"

"बोलत नाहीये."

"मग मी थांबलोय."

करवत दगडात शिरली, बाहेर आली. तो पुन्हा बोलला, हळू. "घरीही तुम्ही गप्पच असायचात. मी समजलो, मला थांबायला सांगताय. म्हणून यायचा थांबलो."

"आमच्याकडे गप्प म्हणजे सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "गडबड असली की आम्ही बोलतो."

"आमच्याकडे उलटं." त्याचा श्वास अडखळला. "त्या दिवशी मी वरून काकांना हाका मारत बसलो होतो. काका, बोला. काहीतरी बोला. शिडी उतरायला लागलो तरी बोलतच होतो. तसं मला पुन्हा नाही जमणार. कोणाच्या आवाजाची वाट बघत बसणं… म्हणून ती बंद खोली बरी."

तो रागावला नव्हता. नुसता दमला होता. आणि तो अजूनही वळला नव्हता, कारण वळायला कोणी सांगितलं नव्हतं. ती आणखी गप्प राहिली असती तर तो थोडा वेळ उभा राहिला असता, मग शहाण्या माणसासारखा सेट काढून दुकानात परत आला असता, आणि पुढच्या आठवड्यात गेला असता. तिला काहीही विचारलं नसतं.

तिने माइक दोन बोटांत धरला. तोंडात धूळ आली होती, दातांखाली करकरत होती. आधी रडू आलं, एवढ्या दिवसांचं, करवतीच्या आवाजात कोणालाही ऐकू न जाणारं. फक्त त्याला ऐकू गेलं. रस्त्याच्या त्या टोकाला त्याचे खांदे हलले.

"बाबा गेले," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, स्वतःला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "बाबा गेले. आता ते येणार नाहीत. मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं… आणि तुम्ही जाऊ नका. माझं प्रेम आहे तुमच्यावर. वळा. इकडे बघा."