रिदाच्या हातचा पिकअप

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली त्यांची थरथर अ‍ॅम्पपर्यंत पोचवणारा पिकअप असतो. आत चुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याची तार. चुंबक किती जोरकस, तार किती जाड, वेढे किती, यावर गिटारचा टोन ठरतो. गुंडाळणाऱ्या हाताचा ताणही त्यात उतरतो. माझी बायको रिदा पूर्वी अंबडच्या कारखान्यात विजेच्या मोटारींचं वायंडिंग करायची. आता वडाळा रोडवरच्या आमच्या दुकानात ती पिकअप बनवते.

गंगापूर रोडच्या एका कॅफेत वाजवणाऱ्या संतोषने तिच्याकडून एक नेला आणि आठवडाभरात परत आणला. टोनबद्दल तक्रार नाही शोएबभाई, म्हणाला, उलट इतका गोड टोन कधी मिळाला नव्हता. फक्त तारांना हात लावला नाही तरी आत कुणी बाई गुणगुणते.

मला हसू आलं. स्क्रू-ड्रायव्हरने पिकअपवर टकटक केली, ती अ‍ॅम्पमधून ऐकू आली. वेढे सैल राहिले की पिकअप माइकसारखा वागतो, आसपासचं बोलणंही पकडतो, हे त्याला समजावलं. वेढे घट्ट बसावेत म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला. गार झाल्यावर पुन्हा टकटक केली. आता काही आलं नाही.

मग गुणगुणणं सुरू झालं.

केबल बदलली. अ‍ॅम्प बदलला. तीच संथ चाल.

रिदा आतून आली आणि हातातली तार तशीच धरून उभी राहिली.

"अम्मीची लोरी आहे ही," ती म्हणाली.

तिची अम्मी, जैतुनबी, रिदा शाळेत असतानाच वारली. मी तिला कधी पाहिलं नाही. घरात एक फोटो होता; आवाज कुठेच नव्हता.

संतोष दुसरा पिकअप घेऊन गेला. हा गुणगुणणारा आम्ही दुकानातल्याच एका गिटारला बसवला. जेवण झालं की रिदा अर्धं शटर ओढून अ‍ॅम्पशेजारी बसायची. विसरलेलं काय काय आठवून सांगायची, हसायची. मी कारण शोधणं सोडून दिलं. तिला इतकी निवांत मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

काल ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. बाहेर गिऱ्हाईक आलं, म्हणून तिला हलवायला मी खांद्याकडे हात नेला.

गुणगुणणं थांबलं.

"सोई है, शोएब," अ‍ॅम्पमधून हलकेच आलं. "उठाओ नको."