तुळशीपाशी डावा हात

माणूस गेला तरी त्याची मूर्ती आप्तांच्या अंतःकरणात अखंड तेवत राहते. अडचण एवढीच, की अंतःकरणाला हार घालता येत नाही. म्हणून मालगुंडच्या अप्पांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तशी त्यांच्या फोटोची शोधाशोध सुरू झाली आणि थोरल्या कमलाच्या ध्यानात आलं, की कॅमेरा समोर आला की अप्पांनी जन्मभर इमानेइतबारे डोळे मिटले होते.

उरली धाकट्या सावनीच्या लग्नाची, अठ्ठ्याण्णव सालची व्हिडिओ कॅसेट. आणि नेमकं तेच लग्न गेली सात वर्षं दोघी बहिणींच्या मधे उभं होतं.

आई गेली तेव्हा सावनी चार वर्षांची. तिच्या वेण्या घालता घालता कमलाने सावर्ड्याहून सांगून आलेलं स्थळ परतवलं, मग आणखी एक, मग स्थळंच येईनाशी झाली... आणि जिच्यासाठी हे सारं केलं तिच्या डोक्यावर अक्षता पडताना, करवली म्हणून दिवा घेऊन पाठीशी उभं राहायचं सोडून, ताई मांडवातून नाहीशी झाली! धाकटीचं आधी झालं, पोटात दुखणारच, असं येसूमावशीने वऱ्हाडादेखत निदान केलं. सावनीने ते मुकाट्याने सासरी नेलं. त्यानंतर तिचा फोन यायचा तो अप्पांसाठी. अप्पा गेले तसा तोही थांबला.

रत्नागिरीत विनोदच्या स्टुडिओत सावनी फोटोसाठी आधी एकटीच त्या कॅसेटची सीडी घेऊन गेली होती. विनोदने पडद्यावर अप्पांभोवती चौकट ओढली, बाकीचं लग्न कापून टाकलं आणि चेहरा मोठा केला, तर चित्र फाटून अप्पांच्या जागी मोरीच्या फरशा दिसू लागल्या. सीडी म्हणजे तिसऱ्यांदा पिळलेलं खोबरं, तो म्हणाला. मोठं केलं म्हणून नसलेलं काही त्यात येत नाही, पहिलं दूध हवं तर मूळ कॅसेट आणा. मूळ कॅसेट कमलाच्या कपाटात, साड्यांच्या घडीत होती. सावनीला ताईला फोन करावा लागला.

कॅसेट एस्टीच्या कंडक्टरबरोबर पाठवता आली असती. कमला स्वतः घेऊन आली. स्टुडिओत सावनीशेजारी पदराआड पिशवी धरून ती बसली होती आणि जे सात वर्षं सांगितलं नाही, ते आता हे यंत्र सांगणार की काय, ही धास्ती तिला सोडत नव्हती... आणि खोल कुठेतरी, सांगू दे एकदा, असंही वाटत होतं.

पडद्यावर अंतरपाट आला. अप्पांचा चेहरा या वेळी चेहऱ्यासारखा दिसत होता. विनोद चौकट ओढणार, तोच सावनीने त्याचा हात धरला. अप्पांच्या खांद्यामागे, अंगणाच्या टोकाला, तुळशीपाशी कुणीतरी बाई होती. विनोदने ती मोठी केली. तोंडाच्या जागी चार चौकोन उमटले. पण तांब्या डाव्या हातात होता, आणि डाव्या हाताने वाढते म्हणून सबंध आळीत एकाच मुलीने बोलणी खाल्ली होती.

“ताई, तू?”

“मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईने तुळशीला पाणी घालायचं असतं,” कमला म्हणाली. “कुणाला आठवण नव्हती.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणापाशी? बिनलग्नाची आईचा मान घेते म्हणून मावशीने मांडव डोक्यावर घेतला असता.”

“मला गो. मला सांगायचंस.”

“तू विचारलंस कुठे?”

सावनीने तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि चार वर्षांची असताना रडायची तशी रडली. कमलाचा डावा हात आपसूक तिच्या वेणीवर गेला. विनोद कॉम्प्युटरच्या पंख्याची पाहणी करू लागला.

मग त्याने धंद्याचं सांगितलं: फक्त अप्पा हवे असतील तर पुढे जेवणाच्या पंगतीत त्यांचे डोळे उघडे सापडतात, तेवढेच कापून पोस्टकार्डाएवढे छान निघतील. सावनीने नाक पुसलं. हेच चित्र हवं, म्हणाली, तुळशीसकट, कुठूनही न कापता.

चित्र कापलं नाही, म्हणून फाटलंही नाही. आता मालगुंडच्या माजघरात त्याला रोज हार पडतो. त्यात अप्पांचे डोळे मिटलेले आहेत.