बोलाल तर पान नापास

"ज्यानं कोणी हे लिहिलं असंल ना, तो माणूस मले एकदा भेटलाच पाहिजे!"

लोहाऱ्याकडे निघालेल्या ऑटोत पायलच्या शेजारी बसलेला तरुण तावातावाने बोलत होता. कोणाशी, ते त्यालाच ठाऊक! ऑटोवाल्याचं सगळं लक्ष खड्ड्यांत होतं. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती, आणि ती पायलच्या अंगावर येऊ नये म्हणून हा गडी अर्धा बाहेर लटकत, स्वतः भिजत बसला होता. रागात असूनही! पायलच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

"काय लिहिलंय एवढं?" तिने विचारलं.

त्याने पिशवीतून सर्किटची एक करपलेली हिरवी पट्टी काढली. "बोंडपहारा म्हणून डबी आहे. कामगंध सापळ्यावर लावायची..." 'कामगंध' म्हणताना तो अडखळला आणि उगाच बाहेर बघू लागला. "म्हणजे... बोंडअळीचे पतंग मोजते ती. फुकट आहे, घरीच बनवा म्हणतात. वेबसाइटवर लिहिलं तसंच केलं म्या. लाल वायर तिसऱ्या भोकात. अन् फुस्स! नुसता धूर!"

पायलने जरा सरकून घेत घाबरतच विचारलं, "आणि तो माणूस भेटला तर?"

"मारणार नाही. समोर बसवीन, अन् त्याचंच लिहिलेलं वाचून त्याच्याच हातानं डबी जोडाले लावीन."

ऑटो एका पत्र्याच्या शेडपुढे थांबला. दोघेही उतरले. तो 'बोंडपहारा' ही पाटी वाचत उभा राहिला, आणि ती कुलूप काढायला पुढे झाली.

"तुम्ही... इथंच?"

"इथंच. आणि तो माणूस नाही, बाई आहे." तिने दार उघडलं. "या. बसवा समोर."

बिचाऱ्याचे कान असे लाल झाले की पायलला आपली भीती विसरून हसू आलं.

त्याचं नाव संघदीप. पांढरकवड्याला हायवेवर त्याचे वडील बाबाराव फवारणी पंप दुरुस्त करतात, त्याच दुकानात तोही. गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जिल्हाभरचा कापूस आतून पोखरला होता; पतंग वाढलेले वेळेवर कळलेच नव्हते. बोंडपहारा डबी तेच सांगायची. सापळ्यात पतंग धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त पडायला लागले की लाल दिवा. तिचा प्रोग्राम, तिच्या जोडणीचे नकाशे सगळ्यांना खुले होते. कोणीही घ्यावं, बनवावं, चुकलं असेल तर सुधारावं. प्रोग्राम लिहायचे जफर आणि त्याचे दोन मित्र. वेबसाइट आणि डबी बनवायची माहिती सांभाळायची पायल. म्हणजे लग्नात बँडवाल्यांचं कौतुक व्हायचं आणि पंगतीत वाढणारीला कोणी विचारायचं नाही, त्यातला प्रकार.

जळकी पट्टी पाहून तिला सगळं उमगलं. जूनमध्ये जफरने नवी आवृत्ती काढली, तेव्हा लाल वायर पाचव्या भोकात गेली. वेबसाइटच्या पानावर मात्र तिसरंच राहिलं.

"मला त्यानं सांगितलं नाही, हे खरं," ती म्हणाली. "पण मी विचारायला पाहिजे होतं. चूक माझी."

भांडायची पूर्ण तयारी करून आलेल्या माणसाची यापेक्षा मोठी पंचाईत नाही. संघदीप पुटपुटला, "नाही... तसं बाकीचं चांगलं लिहिलं आहे."

संध्याकाळी शेडवर आलेल्या जफरला मात्र पान चांगलं आहे हे पटलं नाही. "देख पायल, चुकीचं पान असण्यापेक्षा नसलेलं बरं. काढून टाक. डब्या आपणच बनवू."

"बोंडं धरायच्या आत? अख्ख्या जिल्ह्याला? हे पान काढलंस तर यंदा गावात एक डबी पोचणार नाही."

जफर डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "ठीक. पोळ्यानंतरच्या रविवारी पांढरकवड्याच्या बचत गटातल्या बाया डबी बनवतील. नुसतं पान वाचून. तू एक शब्द बोलायचा नाही. जमलं तर पान राहील. नाही जमलं तर त्याच दिवशी काढायचं."

पायल "हो" म्हणाली खरी, पण पणाला काय लागलंय ते तिला ठाऊक होतं. तीन वर्षांची तिची मेहनत त्या पानांत होती.

त्यानंतर दर शनिवारी ती एसटीने पांढरकवड्याला संघदीपच्या दुकानात जाऊ लागली. कायदा तिनेच केला होता: संघदीपने पान वाचून डबी जोडायची, तिने शेजारच्या स्टुलावर गप्प बसायचं. ती बोलली तर पान नापास. तो जिथे अडेल, ती जागा घरी जाऊन दुरुस्त करायची.

संघदीपला तर आयतंच सापडलं.

"'संयोजित करा' म्हणजे काय वो? ...हं, बोलता येत नाही नाही का तुम्हाले." स्क्रू फिरवता फिरवता तो गालात हसायचा. "आज पिवळी ओढणी चांगली दिसून राह्यली. नका बोलू. पान नापास होईल!"

पायल ओठ घट्ट मिटून छताकडे पाहायची. काय काय उत्तरं जिभेवर यायची! सगळी गिळावी लागायची. पुढच्या शनिवारी 'संयोजित करा'चं 'जोडा' झालेलं असायचं, प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते ठळक लिहिलेलं असायचं, आणि का कोण जाणे, ओढणी पुन्हा पिवळीच असायची.

एका तिन्हीसांजेला शेतात सापळा लावायला गेलेल्या संघदीपचा फोन आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"मॅडम, पतंग माह्या खिशाभोवती फिरून राह्यले!"

"खिशात काय आहे?"

"ती गोळी... कामगंधाची. कुठं ठेवायची ते पानावर नव्हतं, म्हणून मंग..."

"अहो, ती गोळी म्हणजे मादीचा वास! नर पतंग तिच्यामागे येतात!" पायल हसून हसून खाली बसली. "सगळ्या शेतातल्या नवरदेवांना बोलावलंत तुम्ही!"

"मले काय माहीत?" तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पण त्याहिची काही चूक नाही. मन ओढलं की जावंच लागते. मी नाही का शनिवारची वाट पाहत..."

पायलने घाईघाईने फोन ठेवला. 'गोळी खिशात ठेवू नका' हे वाक्य तिने त्याच दिवशी पानावर चढवलं. पण ते टाइप करताना तिची बोटं तीनदा चुकली, आणि आपण त्या पंपवाल्याच्या प्रेमात पडलोय हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

मग तो रविवार आला. समाजमंदिरात सतरंजीवर बाया बसल्या, मधोमध लालीबाई. तांड्यावरची, तोंडाने फटकळ, हाताने चपळ. तिच्या सुनेचा मोबाइल पुढे उघडा. जफर हाताची घडी घालून भिंतीशी उभा. पायल मागच्या ओळीत, आणि तिच्या शेजारी संघदीप. मदत करायची त्यालाही बंदी होती.

सून वाचायची, लालीबाई जोडायची. लाल वायर पाचव्या भोकात गेली. पायलने श्वास सोडला.

"एक सांगाचं होतं," संघदीप कानाशी कुजबुजला. "तुम्ही बोलू नका. आज पान पास झालं का तुम्ही शनिवारच्या येणार नाही, म्हणून आत्ताच सांगतो. मले तुम्ही आवडता. मस्करी नाही. मले तुमच्यासंग संसार कराचा आहे. आता सांगा... नका सांगू. पान नापास होईल."

काय म्हणावं या माणसाला! पायलचा चेहरा तापला. डोळ्यांत पाणी आलं, हसूही आलं, आणि तोंड उघडायची सोय नाही. तिने त्याच्याकडे अशी एक जळजळीत नजर टाकली की तो घाबरून सतरंजीचे धागे ओढू लागला.

तेवढ्यात लालीबाईने बटण दाबलं. दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. जफर भिंतीपासून पुढे सरकला. पायलला इथूनच दिसत होतं, बॅटरी उलटी बसली होती. एक शब्द... फक्त एक शब्द! तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

"थांब वो छोरी, खाली पाह्य," लालीबाई सुनेला म्हणाली. "'दिवा लागला नाही तर' असं काही लिहिलं होतं ना?"

सुनेने पान वर सरकवलं. "'आधी बॅटरी पाहा. उंचवटा असलेलं टोक लाल खुणेकडे.'"

लालीबाईने बॅटरी काढली, फिरवली, बसवली. बटण दाबलं. टिक्... डबी चालू झाल्याचा हिरवा दिवा!

समाजमंदिर दणाणून गेलं. बाया टाळ्या पिटू लागल्या, कोणी शिट्टीही मारली. जफरने हात वर केले. "पान राहणार! आणि वेबसाइटवर सगळ्यात पहिलं राहणार! पायल, आता बोल काय बोलायचं ते!"

सगळ्यांनी माना मागे वळवल्या. आणि तासभर दाबून धरलेलं जे काही होतं, ते पायलच्या तोंडून खणखणीत बाहेर पडलं, पण जफरसाठी नव्हतंच ते.

"हो! मलाही तुम्ही आवडता! आणि शनिवारची मी काही वायरी बघायला येत नव्हते!"

संघदीपच्या हातातून सतरंजीचा धागा सुटला. मग जो हशा उसळला, तो बाहेर हायवेवर ऐकू गेला असेल. पायलने तोंड झाकून घेतलं, पण बोटांच्या फटीतून ती त्याच्याकडेच बघत होती. आणि तो, जन्माचा बडबड्या, आता त्याला एक शब्द सुचत नव्हता.

"काहून रे बावा, आता तुलेही बंदी केली का कोणी?" लालीबाईने डबी उंच धरत विचारलं. "अन् छोरी, याच्यापुढं काय कराचं, ते लिहिलं आहे का कुठं?"

"नाही वो मावशी," पायल हसत म्हणाली.

"बरं झालं. ते वाचून कोणालेच जमत नाही."

त्या संध्याकाळी लालीबाईच्या शेतात बोंडपहाऱ्याची डबी सापळ्यावर चढली. ती बांधायला संघदीप आणि पायल दोघेही गेले होते, आणि दोरीची गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.