हात काढ गं

स्टीलचा पेला भिंतीवर आपटला असता तर नुसता आवाज झाला असता… पण तो सुनेच्या कपाळावर आपटला, आणि इतक्या वर्षांनी माहेरच्या उंबऱ्यात पाऊल टाकणाऱ्या थोरलीला पहिलं दर्शन झालं ते भावजयीच्या भुवईवरून ओघळणाऱ्या रक्ताचं!

"या ताई," ती बिचारी ओढणीने कपाळ दाबत म्हणाली. "फोनवर सांगितलं होतं ना, हे असंच चालतं. बसा, पाणी आणते."

"पाणी राहू दे. आधी तू बस," थोरली म्हणाली आणि स्वतःच्या रुमालाने तिची जखम दाबून धरली. दाबता दाबता तिची नजर आतल्या खोलीत गेली.

पलंगावर बाबा बसले होते. एक मनगट पलंगाच्या दांडीला पंच्याने बांधलेलं, दुसरं मोकळं, आणि त्या मोकळ्या हाताने पलंगाच्या कडेवर दणादण प्रहार चालले होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर पाय ओढला जायचा, हातांत ताकद परत आली होती, पण वाचा गेली ती गेलीच. उरला होता एकच उच्चार. "त… त… त…" समोरच्याला कळलं नाही की म्हातारा खवळायचा, आणि कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच, तेव्हा दिवसभर खवळलेलाच असायचा. वाचा होती तेव्हाही काही अमृत झरत नव्हतं म्हणा! हा पत्रेवाला म्हणजे हाताचा देव आणि तोंडाचा दैत्य. अर्ध्या गावाचं धान्य त्याने ठोकलेल्या डब्यांत सुरक्षित होतं, आणि त्याच्याच घरात कुणी सुरक्षित नव्हतं.

त्यांनी लेकीला ओळखलं. एक क्षण ठोकणं थांबलं, नजर तिच्या डाव्या हातावर गेली… आणि उशाशी होतं नव्हतं ते सगळं तिच्या दिशेने भिरकावलं गेलं. औषधाची बाटली तिच्या पायाशी फुटली.

"झालं समाधान?" पाठीमागून आवाज आला.

तो बारक्या. धाकटा भाऊ. आता चौकटीतून वाकल्याशिवाय आत येत नव्हता, तरी थोरलीच्या लेखी बारक्याच. त्याच्या गालावर नखांचे ओरखडे होते आणि डोळे झोपेविना तांबारले होते.

"हिला कुणी बोलावलं?" त्याने बायकोला विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "टाके पडायच्या आत कुणीतरी यायला हवं होतं."

"उशीर झाला. संध्याकाळी अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची गाडी येणारे. तिथे बांधून ठेवतात, सुई देतात, पण निदान कुणाचं डोकं फुटत नाही." मग तो बहिणीकडे वळला. "तू कशाला आलीस, ताई? बोट दारात चेमटलं, सतार सुटली, म्हणून रुसून गेलीस ना घर सोडून? मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हतो. बाबांच्या तावडीत मला एकट्याला टाकून गेलीस. आता हे निस्तरायला मी समर्थ आहे."

थोरली गप्प राहिली. गप्प राहण्याची तिला सवय होती… सवय कसली, व्रतच म्हणा! त्या मौनाच्या तळाशी काय गाडलेलं होतं ते घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरा तो पलंगावर बांधलेला म्हातारा.

तो दिवस तिच्या डोळ्यांपुढून कधी हललाच नव्हता. आई आधीच वारली होती. कारखान्यात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, बारक्याने खेळता खेळता निखाऱ्यांची शेगडी लाथाडली, आणि रात्रंदिवस खपून तयार केलेला माल काळाठिक्कर पडला. बाबांनी हातोडी उचलली. पोरगं ऐरणीला पाठ लावून, डोळे गच्च मिटून उभं. ती हातोडी पोराच्या टाळूवर येत होती हो… आणि थोरलीने पोराला बाजूला ढकलून मधे हात घातला. डावा हात, ज्याची बोटं सतारीच्या तारेवर फिरताना तिचे गुरुजी डोळे मिटून घ्यायचे. ऐरण आणि हातोडी यांच्यामध्ये तीन बोटांचा चुरा झाला. पोर तोवर किंचाळत बाहेर पळालं होतं, त्याने काही पाहिलंच नाही. दवाखान्यात तिने सांगितलं, "दारात सापडला." खरं सांगितलं असतं तर बाबा तुरुंगात गेले असते, भावंडांची ताटातूट झाली असती, आणि बारक्याला जन्मभर डाचलं असतं की हे आपल्यापायी झालं. बाबांना मात्र ती वाकडी बोटं डोळ्यांसमोर सहन होईनात. पश्चात्ताप झालेला माणूस रडतो, पण हा माणूस ओरडला. "तो हात घेऊन माझ्यासमोर येऊ नकोस." ती गेली.

सतार गेली, पण सूर कुठे जातो? ती शिकली, आणि आता एका मोठ्या रुग्णालयात संगीतोपचाराचं काम करायची. न बोलणारी शाळकरी मुलं तिच्या ढोलकीच्या थापेला थाप देत पहिला शब्द उच्चारायची, झटक्याने मुके झालेले लोक बोलू शकत नसले तरी गुणगुणायचे, आणि गुणगुणता गुणगुणता कधी कधी पाणी मागायचे. तीन बोटं वाकडी असली तरी तळवा शाबूत होता.

"संध्याकाळपर्यंतचा वेळ दे मला," ती म्हणाली. "एवढंच मागते."

"गाणी लावणार? लावून झाली." बारक्या कडवट हसला. "डॉक्टर म्हणाले, संगीत चांगलं. म्हणून मंद बासरी लावली. मोबाइलचे तुकडे त्या कोपऱ्यात बघ. मग सगळा आवाजच बंद केला. कारखान्याला कुलूप, हत्यारं पोत्यात, घरात आम्ही चोरासारखे चवड्यांवर चालतो. तरी हा प्रताप."

थोरलीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! ज्या माणसाने उभा जन्म ठणठणाटात काढला, त्याला तुम्ही शांततेत कोंडलंत? त्याच्या डोक्यात वादळ आणि तुमची बासरी! आमच्या कामात चिडलेल्या माणसापुढे अंगाई गात नाहीत. आधी त्याच्या रागाइतकंच जोरात त्याच्याबरोबर वाजवायचं. जोडी जमली की आपण पाऊल आखडतं घ्यायचं, मग तोही घेतो." ती क्षणभर थांबली. "मला कारखाना उघडून दे. आणि त्यांची हातोडी."



"वेड लागलंय तुला," बारक्या म्हणाला. "हातोडी? त्यांच्या हातात?" ती दाराजवळच्या किल्लीकडे वळली, तसा त्याने तिला खांद्याला धरून मागे ढकललं. ती कपाटावर आदळली, ओठ फुटला. त्याचा हात पुन्हा वर गेला होता… आणि थोरलीने त्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. हुबेहूब तोच! तोच कोपर, तीच मूठ.

"मार," ती रक्त पुसत शांतपणे म्हणाली. "तुझ्याही हाताला कुणी ताल शिकवला नाही, बारक्या."

हात खाली आला. त्याला स्वतःचीच किळस आली असावी, कारण किल्ली त्याने तिच्याकडे न बघता फेकली.

दुपारच्या उन्हात पुढच्या खोलीचं दार उघडलं. दोघा नवरा-बायकोने म्हाताऱ्याला धरून आणलं, बुटक्या स्टुलावर ऐरणीसमोर बसवलं, आणि थोरलीने पंच्याची गाठ सोडली, मग सोबत आणलेली ढोलकी मांडीवर घेऊन ती त्यांच्यासमोर बसली. बारक्या दारात लोखंडी गज घेऊन उभा राहिला. काही विपरीत झालं तर तो गज कोणावर चालणार होता, हे कुणी विचारलं नाही.

हातोडी हातात येताच म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जे उतरलं ते पाहून सून मागे सरकली. पहिला घाव ऐरणीवर पडला. दुसरा पत्र्यांच्या थप्पीवर. तिसरा सरळ थोरलीच्या ढोलकीवर! ढोलकीचं कातडं फाटलं, खोड चिरलं, तिची मांडी बधिर झाली. "ताई, ऊठ!" बारक्या ओरडला. ती उठली नाही. जवळचा रिकामा डबा तिने पालथा घातला आणि तळव्याने बडवायला लागली… त्याच्याच वेगाने, त्याच्याच त्वेषाने! तो ठाण, ती ठाण. तो थयथयाट करी, तीही करी. खिडकीची काच फुटली, एक तुकडा तिच्या दंडात रुतला, डब्यावर रक्ताचे ठसे उमटू लागले, पण ती थांबली नाही, कारण त्या तळव्यात नुसता उपचार नव्हता हो… इतक्या वर्षांचा तिचा स्वतःचा संताप होता. तोही बाहेर यायचाच होता.

म्हाताऱ्याने चमकून पाहिलं. आपल्या रागाला राग मिळाला होता, रडारड नव्हे. घाव आणि थाप एकमेकांना सापडले. मग थोरलीने तसूभर लय उतरवली. हातोडीही उतरली. आणखी थोडी… आणि हातोडी मागोमाग आली, दमलेलं जनावर घराकडे वळावं तशी.

आता ती जे करायला निघाली ते तिच्या रुग्णालयातल्या कुणी मान्य केलं नसतं. तिने एक पत्र्याची पट्टी उचलली, ऐरणीवर ठेवली, आणि ती धरली… डाव्या हाताने. त्या वाकड्या बोटांनी. हातोडीच्या बरोबर खाली.

त्या कारखान्याची एक जुनी रीत होती. एकाने पत्रा धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा, आणि बोटं वाचावीत म्हणून दोघांनी गात काम करायचं. धरणारा गाई, "धरला हो…" ठोकणारा गाई, "मारतो हो…" आणि पत्र्याचा सांधा पुरा झाला की ठोकणारा म्हणे, हात काढ. लहानपणी ती बाबांचा पत्रा धरायची तेव्हा हेच गाणं तिचं पहिलं गाणं होतं. फक्त त्या एका दिवशी कुणीच गायलं नव्हतं.

"धरला हो…" थोरलीने सूर लावला. 

हातोडी वर गेली.

"ताई, हात काढ!" बारक्या गज टाकून धावला. सुनेने त्याला कंबरेला मिठी मारून अडवलं.

"धरला हो…" पुन्हा तोच सूर, तोच ताल, आणि हात जागच्या जागी.

म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. "त… त…" घशातून घरघर आली, शिरा तटतटल्या, आणि मग त्या पडझड झालेल्या शरीरातून, बोलीच्या नव्हे तर गाण्याच्या वाटेने, शब्द बाहेर पडला.

"मा… रतो हो…"

हातोडी पडली, बोटांपासून वीतभर दूर. पुन्हा धरला हो, पुन्हा मारतो हो. सून तोंडावर हात धरून रडत होती. मग म्हाताऱ्याची नजर ऐरणीवरच्या त्या तीन बोटांवर खिळली. हातोडी हवेत राहिली. ओठ हलले, आणि त्याच सुरात, तुटक तुटक, जे कधीच सांगितलं गेलं नव्हतं ते गाऊन बाहेर आलं.

"दार… नव्हतं हो… मीच… मारली हो… बारक्या… मरता… मधे… हात… पोरीने…"

 बारक्या ऐरणीपाशी मटकन बसला आणि त्याने आपल्या डोक्याला हात लावून पाहिला, जिथे ती हातोडी पडणार होती तिथे.

"हात काढ गं," म्हातारा हुंदके देत गात होता, "हात काढ गं, पोरी… हात काढ…"

हातोडी त्याने स्वतःच खाली ठेवली. थोरलीने हात काढला. तो हात आधी बारक्याने धरला. त्या वाकड्या बोटांवर कपाळ टेकून तो धाय मोकलून रडला.

"एवढी वर्षं तुला शिव्या घातल्या, ताई. मघाशी तुझ्यावर हात उगारला. बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू लहानपणीच म्हातारा झाला असतास," ती म्हणाली. "ऊठ आता. माझा दंड बांध. रक्त वाहतंय."

संध्याकाळी गाडी आली आणि बारक्याने हात जोडून ती परत पाठवली.

यानंतर म्हातारा देवमाणूस झाला, असं समजू नका. भांडी अजूनही उडतात, सुनेने ती सगळी प्लास्टिकची आणलीत. पण रोज कारखाना उघडतो, बारक्या पत्रा धरतो, आणि राग ऐरणीवर उतरला की चार शब्द गाऊन येतात. थोरली सुट्टीला येते. तिने क्षमा केली का, असं भावजयीने एकदा विचारलं, तर म्हणाली, "रोज थोडी थोडी करते. एकदम जमत नाही."

ती आली की चहाचा कप तीच बाबांसमोर ठेवते, मुद्दाम डाव्या हाताने. म्हाताऱ्याला कितीही तहान असो, तो कपाला शिवत नाही. आधी त्या बोटांकडे बघतो आणि हळू आवाजात गातो, "हात काढ गं…" तिने हात बाजूला घेतला की मगच कप उचलतो.