रोजचे दोन कॉम्प्युटर

"ओ, बूट बाहेर काढा! लॅब हाय ही, बसस्टँड न्हाई."

सुदर्शन उंबऱ्यातच थबकला. केसांतून पाणी निथळत होतं. रेनकोट मात्र त्यानं बॅगेला गुंडाळला होता. स्वतः भिजून बॅग कोरडी आणणारा माणूस... लॅब असिस्टंट महादेवीनं मनात त्याला तिथंच दोन मार्क जादा दिले. माणसं जोखायची तिला सवयच होती. त्यानं बूट काढले, तर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"हे पाहुणे कोण?" तिनं अंगठ्याकडं बोट दाखवलं.

"ते... सोबतच असतात," तो लाजला. "नांदेडहून आलो. विंडोज बदलायला."

लातूरच्या त्या कॉलेजात बेचाळीस कॉम्प्युटर होते, सगळे जुन्या विंडोजवर. चौदा ऑक्टोबरनंतर तिला सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते. म्हणून सगळ्यांवर नवी चढवायचं काम नांदेडच्या एका कंपनीनं घेतलं होतं, आणि सप्टेंबरात कंपनीनं सुदर्शनला इकडं धाडलं होतं.

पहिल्या दिवशी दोन झाले. स्क्रीनवर टक्के मुंगीच्या पावलानं सरकत असताना दोघांना बोलण्यावाचून काम नव्हतं. त्यानं अर्धापूरच्या घरच्या केळीच्या बागेचं सांगितलं, तिनं उदगीरच्या तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या, धान्याच्या आडतीचं. दुसऱ्या दिवशी त्यानं एकदम दहा मागितले.

"दोनच मिळतील. बाकीच्यांवर प्रॅक्टिकल हाय," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. प्रॅक्टिकल कसलं! मागची लॅब रिकामी होती, किल्ली तिच्या मुठीत. बेचाळीसला दोनानं भागलं की एकवीस दिवस होतात, एवढं गणित तिनं उभ्या उभ्या केलं होतं. पुढच्या आठवड्यात एकवीसही कमी वाटायला लागले. मग ती दिवसाला एकच द्यायला लागली.

"लई प्रॅक्टिकल होतात तुमच्याकडं."

"पोरं हुशार हायत."

"दिसत तर एक बी न्हाई."

"हुशार पोरं अशी दिसत नसतात."

तो मान खाली घालून हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं, ओठांवर उशिरा.

"चौदाला हे बंद पडतील का हो?" एकदा तिनं विचारलं.

"न्हाई. चालूच राहतील."

"मग घाई कशाची?"

त्यानं काही बोलायला तोंड उघडलं... तिच्याकडं पाहिलं. "कशाचीच न्हाई."

ऑक्टोबर लागला तेव्हा एका दुपारी तो स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "जानेवारीत कंपनी कायम करणार हाय. मग उदगीरला यावं म्हणतो."

"किल्ला बघायला?"

"अप्पांना भेटायला."

तिचे कान तापले. "अप्पा जात विचारतील... आणि नोकरी."

"जात आपल्या हातात न्हाई. नोकरी तरी पक्की सांगता यावी."

चौदा तारीख आली, गेली. पंधराला तो आला नाही. सोळाला त्याच्या जागी हरिओम नावाचा माणूस आला. त्यानं दोन्ही लॅब उघडायला लावल्या, उरलेल्या अकराही कॉम्प्युटरना एकदम पेन ड्राइव्ह लावले आणि दुपारी आवराआवर करायला घेतली.

"चार दिवसांत सगळं झालं असतं, मॅडम. सुदर्शननं महिना घातला. करारात चौदा तारीख होती. काढून टाकलं त्याला."

"पण... उशीर आमच्याकडून झाला!"

"त्यानं तर लिहून दिलंय, कामात मीच कमी पडलो म्हणून."

महादेवी व्हरांड्यात आली. तिनं सुदर्शनला फोन लावला.

"करारातल्या तारखेचं सांगायचं न्हाई का? मी त्याच दिवशी सगळं उघडून दिलं असतं!"

"म्हणून तर न्हाई सांगितलं," तो म्हणाला.

"प्रॅक्टिकल नव्हतीच, सुदर्शन..." आजवर तिनं त्याला नुसत्या नावानं हाक मारली नव्हती.

"ठाऊक होतं. मागच्या लॅबच्या खिडकीची काच फुटलेली हाय. रिकाम्या खुर्च्या दिसायच्या."

ती रडता रडता हसली, मग नुसतीच रडत राहिली.

"मी तुम्हाला ठेवून घेत होते. घालवत होते हे कळलंच न्हाई मला."

पलीकडं नुसता वारा... केळीच्या पानांचा असावा.

"तरी या उदगीरला. मी बोलते अप्पांशी."

"काय म्हणून येऊ, महादेवी? पोराची नोकरी गेली, ती बी आपल्यापायी, असं सांगाल? तुम्ही वाट बघत बसू नका."

"आणि बसले तर?"

त्यानं फोन ठेवला नाही. तिनंही ठेवला नाही. शेवटी तिकडून कुणीतरी केळीचा ट्रक भरायला हाक मारली, आणि तो "आलो, आलो" म्हणाला... तिला नव्हे.