घाटावरच्या गोवऱ्या

सुशीलाचं कोणी ऐकलं नाही. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही, पोटच्या पोरानंही नाही. बाई चौथी शिकलेली आणि तोंडाची तिखट. ती खरं बोलली तरी घरच्यांना वाटायचं, भांडायलाच उठली. पण मच्छरांबद्दल ती जे बोलली, ते शब्द न् शब्द खरं होतं.

दर चैत्रात सौंसरकडची ही मंडळी रामाकोन्याच्या पुढं, कन्हानच्या काठच्या जंगलात मोहफुलं वेचायला जात. मोह पहाटे टपटपतो, जनावरांच्या आधी वेचावा लागतो, म्हणून झाडाखालीच मुक्काम. यंदा सुशीला, नवरा भगवंतराव, लग्न ठरलेला मुलगा वैभव आणि धाकटा दीर हेमराज गेले. सूर्य टेकला की नाल्यातून मच्छरांचा ढगच उठे. हेमराजनं पांढुर्ण्याहून मलमाची ट्यूब आणली होती, ती घामात वाहून गेली. कडुलिंबाचा पाला जाळला, तर ओल्या पाल्याचा धूर टिकेना. गोवऱ्या हव्या होत्या, आणि त्याच घरी राहिल्या होत्या.

हेमराज घमेलं घेऊन नदीकडं गेला आणि भरून आला. गोवऱ्या खडखडीत वाळलेल्या. एकीवर गुलाल होता. तो पाहून सुशीलाचा हात थबकला.

"कोठून आणल्या?"

"घाटावर ढीग पडून हाय, वहिनी. कोणी विचारून नाही राहिलं."

"सरणाच्या असतील ह्या. ज्याच्या त्याच्यासाठी असतात, दुसऱ्यानं पेटवू नये."

"मग मच्छरायले सांगा न, आज उपास करा म्हणा."

बापलेक हसले. काडी वैभवनंच ओढली.

धूर वर गेला नाही. सापासारखा जमिनीलगत सरपटत सगळ्यांच्या पायांभोवती फिरला आणि वैभवपाशी थांबला. वास शेणाचा नव्हता. जळत्या तुपाचा होता, आणि त्याच्याखाली कुठंतरी डोहातल्या शेवाळाचा. मच्छर एकाएकी गेले. मग रातकिडेही थांबले. हेमराज म्हणाला, ट्यूबचे पैसे पाण्यात गेले, हेच बरं होतं.  आपल्या पाठीमागं कोणी बसलं असावं, तसा वैभव अंग चोरून बसला होता.

घरी परतल्यावर उकाडा वाढला, नाल्या तुंबल्या, सारं गाव मच्छरांनी हैराण झालं. वैभवला मात्र एक चावेना. हेमराज म्हणे, याचं रक्तच कडू, नवरीला आधी सांगून ठेवा. सुशीला दिवेलागणीला गोठ्यात मुलाजवळ बसून पाहत राही. मच्छर गुणगुणत त्याच्या दंडापर्यंत येई, वीतभर अलीकडून वळे आणि तिलाच चावे. भर उन्हाळ्यात पोराचे पाय गार असत. सकाळी उशी ओली असे. डॉक्टरनं तब्येत ठणठणीत सांगितली.

सुशीलानं घर डोक्यावर घेतलं. मच्छर माणसाच्या उबेला येतो, श्वासाला येतो. याच्याजवळ येत नाही, म्हणजे पोरगं अर्धं गेलं आहे, उरलेलं तरी वाचवा. लग्नघरात अभद्र बोलू नको, असं म्हणून भगवंतरावांनी तिला गप्प केलं.

मग ती एकटीच बसनं रामाकोन्याला गेली. घाटावर बकऱ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं सांगितलं, की त्या ढिगाला गावातलं कोणी हात लावत नव्हतं. हिवाळ्यात गुणवंता नावाचा मासे धरणारा डोहात बुडाला होता. प्रेत तरंगताना दिसल्याचा निरोप आला, म्हणून घरच्यांनी सरणाच्या गोवऱ्या आणून टाकल्या. माणसं पाण्यात उतरली, तर डोह रिकामा. तो काही सापडला नाही. गोवऱ्या त्याची वाट पाहत तशाच राहिल्या.

"तुम्ही पेटवल्या काय, बाई?" म्हातारीचा आवाज खाली गेला. "मग आला असंल न तो... आपल्या सरणापाशी."

सुशीला तशीच डोहावर गेली. सांज उतरत होती. तिनं पदर कमरेला खोचला. मच्छरांनी तिचं तोंड झाकून गेलं, तरी तिनं हात हलवला नाही. नळावर भांडावं तशा आवाजात ती पाण्याला म्हणाली, "माह्या पोराले सोड. त्याचं अजून सगळं व्हायचं हाय. अंगच पाहिजे तर हे घे."

पाणी हललं नाही. तिच्या तोंडावरचे मच्छर तेवढे एकेक करून उठले आणि गेले.

ती घरी पोचली तेव्हा वैभव अंगणात दंड खाजवत मच्छरांना शिव्या देत होता. त्याच्या कातडीवर लाल गाठी उठल्या होत्या. त्या बोटांनी चाचपून सुशीला पहिल्यांदाच सगळ्यांदेखत रडली. कोणाला कारण कळलं नाही.

लग्न झालं. सून घरात आली. त्यानंतरच्या एका संध्याकाळी भगवंतराव ओसरीवर टॉवेलनं मच्छर झटकत बसले होते. समोर नालीच्या काठावर सुशीला भांडी घासत होती, दंड उघडे, मान उघडी. ते बराच वेळ पाहत राहिले. मग उठून गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. हात गार होता. घासलेल्या भांड्यांना शेवाळाचा वास येत होता.

आता त्यांचा विश्वास बसला.

"कोणाचं पाप हे, सुशीला?" ते अगदी हळू म्हणाले. "हेमराजचं? का माझं... तुझं ऐकलं नाही म्हणून? नाव सांग... कोण?"

तिनं मान वर केली. उभ्या संसारात ती त्यांच्याशी इतकं हळू कधी बोलली नव्हती. अनोळखी माणसानं आपलं नाव विचारावं आणि आपण सांगावं, तितक्या सहज ती म्हणाली, "गुणवंता."