खाचेवरची टिकली

मेलेल्या सवतीचा कुणी मत्सर करतं का, सांगा बघू? बसवनगुडीतल्या प्रणितानं केला.

एके दिवशी तिचा नवरा अभिराज पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत गेला होता. तिथल्या एका बंद कारखान्याच्या भंगारात त्याला पत्र्याचा एक जाडजूड डबा मिळाला. त्याच्याकडं टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या पाठीला हा डबा लावला, की फ्लॉपी चालणार होत्या. अभिराजची पहिली बायको रम्या जाऊन सात वर्षं झाली होती. तिच्या फ्लॉपी त्यानं कपाटात जपून ठेवल्या होत्या, पण लग्नाला तीन वर्षं होऊनही प्रणितानं त्यातली एकही चालताना पाहिली नव्हती.

डबा जोडला, रम्याची एक फ्लॉपी आत घातली. घर्र... टक... टक. तापलेल्या धुळीचा वास सुटला. पडद्यावर अक्षरं आली, ‘नाव?’

अभिराजनं ‘रम्या’ टाइप केलं. एकेक ठिपका उमटत गेला, ठिपक्यांना रेषा जोडल्या गेल्या आणि रांगोळी पुरी झाली.

“दसऱ्यात बोंबे हब्बाला बाहुल्या मांडायच्या आधी ती यावर रांगोळी ठरवायची,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्यानंतर आठवडाभर तो जेवायलाही टीव्हीसमोरच बसला.

“माझ्या नावाची काढा की एक,” प्रणिता एकदा म्हणाली. “ती फ्लॉपीत राहू दे.”

“राहणार नाही गं. ही खाच बघ. ती झाकली, की फ्लॉपी नुसती वाचता येते. लिहिता येत नाही, पुसता येत नाही.”

काळ्या चौकोनी फ्लॉपीच्या कडेला छोटी खाच होती. तिच्यावर लाल मखमली टिकली चिकटवलेली होती.

“मग काढा ती टिकली.”

“तिनं लावलीय. जरा राहू दे ना.”

“हो, हो. कपाळ नाही राहिलं, टिकली मात्र राहू दे!” प्रणिता म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यानं तिची जीभ पोळली. अभिराज पुन्हा पडद्याकडं वळला. त्याचं ते पाठ फिरवणं तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बँकेत गेला. प्रणितानं नखानं टिकली उचकटली आणि टीव्हीच्या कडेला चिकटवली. पुसायची आज्ञा कशी द्यायची, हे अभिराजच्या वहीत लिहिलेलं होतं. फ्लॉपी आत घालून तिनं ती दिली. घर्र... टक. पडदा रिकामा झाला.

तिला हलकं वाटलं. आता आपलं घर आपलं.

मग आपोआप अक्षरं आली. ‘नाव?’

पुसलेल्या फ्लॉपीत कोण विचारतंय? तिनं बटण बंद केलं, वायर काढली. पडदा तसाच उजळ राहिला. खोलीत शिकेकाईचा वास दाटला... ओल्या केसांचा, अगदी मानेजवळ.

“कोण आहे?” ती पुटपुटली.

टक... टक... ‘नाव?’

भीती होतीच, पण भीतीपेक्षा हट्ट मोठा होता. एकदा तरी इथं माझं नाव उमटू दे. तिनं टाइप केलं, ‘प्रणिता’.

ठिपके उमटले. रेषा एकमेकींना भिडल्या. शेवटची रेष मिटली आणि पडदा विझला.

टीव्हीच्या कडेची लाल टिकली नाहीशी झाली होती. तिनं कपाळाला हात लावला. ती नेहमी मरून रंगाची, कागदासारखी पातळ टिकली लावायची. बोटाला लागली ती जाड होती... मखमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिराजनं फ्लॉपी घातली. खाचेवर मरून टिकली होती. पडद्यावर एकच नाव आलं.

“रम्या,” त्यानं स्वयंपाकघराकडं बघत हाक मारली, “ही प्रणिता कोण गं?”

ती ओले केस पुसत बाहेर आली, पडद्याकडं पाहून म्हणाली, “कुणास ठाऊक,” आणि तिनं बटण बंद केलं.